तिसरा वाटा

४ मार्च, मंगळवार

ही डायरी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दिली. फुकट. प्रत्येक पानावर वर कुठल्या ना कुठल्या गोळीचं चित्र आहे. आजच्या पानावर पोटदुखीची गोळी आहे. माझं पोट ठीक आहे. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, मी चौथीत शाळा सोडलेली बाई, मी काय लिहिणार? तर म्हणाला, "लिहा हो मावशी, तेवढाच वेळ जाईल." लोकांना वाटतं, हे गेल्यापासून माझा वेळ जात नाही. वेळ छान जातो. मीच कुठे जात नाही.

तर लिहिते. दुपारचा चहा झाला की बसायचं. अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं आहे, पण वाचणार कोण, मीच.

आमचं खाली दुकान, वर घर. कोच-खुर्च्या मढवायचं दुकान. यांनी आणि मी मिळून चालवलं. कोच मढवताना हे डावीकडून सुरू करायचे, मी उजवीकडून, आणि मधे भेटायचो. बारीक खिळे तोंडात धरायचे आणि एकेक काढून ठोकायचा, ही या धंद्याची पद्धत. हे गिऱ्हाइकांना सांगायचे, "हिच्या तोंडात खिळे असतात तेवढा वेळच मला शांतता." गिऱ्हाईक हसायचं आणि मला उत्तर देता यायचं नाही, कारण तोंडात खिळे.

हे गेले पानगळीत. आता झाडांना पुन्हा पालवी येतेय.

मुलगा याच शहरात राहतो, पण पलीकडच्या टोकाला. त्याला मी साहेब म्हणते, कारण तो ऑफिसात साहेब आहे आणि घरी आला तरी खुर्चीवरून उतरत नाही. सूनबाई शाळेत शिकवते. चांगली आहे, पण बोलते कमी आणि विसरते फार. त्यांची लेक ठमी, सात वर्षांची, तिच्याबद्दल लिहायला बसले तर डायरी आजच संपेल. माझी लेक लांब, दुसऱ्या शहरात. ती फोनमधून येते.

हात दुखला. आता पुरे.

९ मार्च, रविवार

आज मी मोठं काम केलं. वाटणी केली.

साहेब, सूनबाई, ठमी जेवायला आले होते. लेकीला फोन लावून टेबलावर ठेवला, मिठाच्या बरणीला टेकवून. साहेब म्हणाला, "आई, बाबांनी मृत्युपत्र केलं नाही. घर अजून त्यांच्याच नावावर आहे. काहीतरी ठरवायला हवं."

ह्यांना मृत्युपत्राचं नाव काढलेलं आवडायचं नाही. म्हणायचे, माणूस सामान बांधायला लागला की गाडी लवकर येते.

साहेब म्हणाला, "तूच सांग कसं वाटायचं. तू सांगशील ते आम्हा दोघांना मान्य."

मला काय, आयुष्यभर वाटपच केलंय. पातेल्यात डाव घातला की माझ्या हाताला आपोआप कळतं, कुणाला किती. मी एका दमात सांगून टाकलं, "वरचा मजला साहेबाला, खालचं दुकान लेकीला. वर उजेड जास्त, खाली जागा जास्त. फिट्टंफाट."

फोनमधून लेक म्हणाली, "दादा म्हणेल तसं."

साहेब म्हणाला, "आई, तू न्यायाधीश व्हायला हवी होतीस." मला इतका आनंद झाला की मी त्याला दुसऱ्यांदा वाढलं. घराची वाटणी आणि आवाज कुणाचा चढला नाही. शेजारचे घड्याळवाले, त्यांच्याकडे भाऊ-भाऊ अजून एकमेकांच्या दारावरून जात नाहीत.

मग साहेब म्हणाला की बहीण लांबून दुकानाचं काय करणार, आणि तो तरी वरच्या मजल्याचं काय करणार. औषधवाला दोन्ही मजले घ्यायला तयार आहे. त्याला मोठं दुकान काढायचंय. "आणि तू सहा महिने आमच्याकडे, सहा महिने तिच्याकडे. जिना नाही, काम नाही. आरामात राहा."

मी म्हटलं, "वा. म्हणजे हवा बदलली की जागा बदलायची, त्या लांबून येणाऱ्या पाखरांसारखी." सगळे हसले. सूनबाई तेवढी हसली नाही. तिला विनोद जरा उशिरा कळतो.

ठमीने विचारलं, "आजीची खोली कुठली?"

"तुझीच. तुझ्या पलंगाशेजारी आजीचा पलंग."

"आणि आजीचं मशीन?"

जाड कापड शिवायचं माझं मशीन, लोखंडी, चार माणसं लागतात हलवायला. साहेब लोणच्याची बरणी शोधायला लागला. मग मीच म्हटलं, "मशीन काय, विकून टाकू."

सगळे गेल्यावर मी खाली जाऊन मशीनला तेल घातलं. विकायची वस्तू चालू असलेली बरी. नंतर एक जुनी उशी होती, तिला उगाच नवी शिवण मारली. मशीन काय सुरेख चालतंय.

१३ मार्च, गुरुवार

साहेबाने कागद पाठवला. सूनबाई शाळा सुटल्यावर घेऊन आली. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, हक्कसोडपत्र. खाली इतकं बारीक लिहिलंय की मुंग्यांची रांग बरी. सही करायची आणि दोन फोटो लावायचे. साहेब फोनवर म्हणाला, "नुसतं नावापुरतं आहे गं."

आता सूनबाईची गंमत. मी दोन फोटो काढून तिच्या हातात दिले. ती म्हणाली, पर्समध्ये ठेवते. मग पर्समध्ये सापडेनात. पेन तर तिने आणलंच नव्हतं, शाळेतली बाई असून. मी आत जाऊन पेन शोधून आणते तोवर कागदावर चहाचा आख्खा कप.

मी म्हटलं, "अगं, हात भाजला का?"

"नाही आई."

"मग सांडला कसा?"

"सांडला खरा."

कागद सुकवायला दोरीवर टाकला तर शाई पसरून निळा डाग झाला. ती म्हणाली, दुसरा आणते, पण परीक्षा आहेत, लगेच जमणार नाही. या वयात हे असं. मी औषधवाल्याला विचारलं, स्मरणशक्तीची गोळी असते का? त्याने एक बाटली दिली, सूनबाईला पाठवली. पोरीने रागावू नये म्हणजे झालं.

१७ मार्च, सोमवार

सूनबाईचा फोन. तिच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, त्यांच्या ऑफिसातल्या खुर्च्या मढवायच्यात. "कराल का आई?"

मी म्हटलं, "अगं, दुकान विकायला निघालोय, आणि एकटीने मी आजवर काही केलेलं नाही. हे डावीकडून यायचे."

ती म्हणाली, "निम्मं तर तुम्हीच करायचात ना? मग आता तेच दोनदा करायचं."

कमी बोलते, पण कधीकधी बरं बोलते. मी हो म्हटलं. उद्या बघायला जायचं, कापडाचे नमुने घेऊन. मला शाळेच्या सहलीला जायच्या आदल्या दिवसासारखं झालंय. नमुन्यांची पिशवी चार वेळा भरली आणि काढली.

१८ मार्च, मंगळवार

आज लिहायला इतकं आहे की कुठून धरू.

वकीलबाईचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, बँकेच्या वर. जिन्यात ओल्या फरशीचा वास. बाई तरुण आहे, केस कापलेले, चष्मा डोक्यावर ठेवते आणि मग सगळीकडे शोधते. भिंतभर जाड पुस्तकं. मी विचारलं, ही सगळी वाचलीत? ती म्हणाली, "आजी, ती अशिलांना घाबरवायला असतात." मला आवडली बाई.

खुर्च्या पाहिल्या. बैठकीवर हात दाबला, स्प्रिंगा शाबूत. कापड जरा विटलंय, पण अजून दोन-तीन वर्षं सहज निघाली असती. मी तसं सांगितलं. धंद्यात खोटं नाही. तर म्हणाली, "नको, मढवायच्याच आहेत." पैसेवाले लोक.

मी खुर्ची उलटी करून खालचं कापड उसवत होते आणि ती समोर चहा घेऊन बसली. मधेच विचारते, "आजी, राहतं घर कुणाच्या नावावर आहे तुमचं?"

वकील लोकांना सवयच, दिसला माणूस की विचार. मी सांगितलं, यांच्या. आणि मी कशी झकास वाटणी केली तेही सांगितलं, वर साहेबाला, खाली लेकीला, कुणाचा आवाज चढला नाही.

ती म्हणाली, "छान. आणि तिसरा वाटा?"

"कुठला तिसरा?"

"तुमची मुलं किती?"

"दोन."

"आणि मागे राहिलेली माणसं किती?"

मी म्हटलं, दोनच की. आणि उसवणीचा चाकू हातातच राहिला.

खरंच सांगते, मला कुणी फसवलं नाही. वाटणी मीच केली, माझ्या तोंडाने. वाढताना आधी हे, मग मुलं, मग आलं-गेलं, आणि मी शेवटी पातेलं पुसून खायची. पातेल्यात काही उरलं नाही तर म्हणायचं, मला भूकच नव्हती. घराची वाटणी मी तशीच केली. स्वतःला वाढायचंच राहिलं, आणि टेबलावर बसलेल्यांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण आजवर कधी आलंच नव्हतं.

वकीलबाई म्हणाली, "तुमचे यजमान मृत्युपत्र न करता गेले. मग बायको आणि मुलं सगळ्यांचा वाटा सारखा. तिघं आहात, तीन वाटे. शिवाय ज्या घरात नवऱ्याबरोबर संसार केलात, तिथे तुम्ही जिवंत असेपर्यंत राहू शकता. तुम्हाला तिथून कुणी हलवू शकत नाही, आणि तुमच्या सहीशिवाय ते घर विकलं जाऊ शकत नाही."

मी म्हटलं, "पण मी तर सही करणार आहे. हक्कसोडपत्र. साहेब म्हणाला नावापुरतंच आहे. आणि बाई, मुळात माझा हक्कच नाही तर मी सोडणार कुठून?"

तिने चष्मा डोक्यावरून खाली घेतला. "तेच ना आजी. ज्याचा हक्क असतो त्याच्याचकडून सोडून घ्यावा लागतो. नसता तर कागद कशाला लागला असता?"

मी खूप वेळ काही बोलले नाही. तोंडात खिळे नव्हते तरी.

ती म्हणाली, "सोडायचा असेल तर खुशाल सोडा. माझं म्हणणं एवढंच, काय सोडतोय ते बघून सोडा."

घरी येताना मी एक थांबा आधीच उतरले आणि चालत आले. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून घर बघितलं. बाहेरून असं कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्याचं असल्यासारखी पंचेचाळीस वर्षं राहिले. वरच्या खिडकीची चौकट वाकडी आहे, आतून कळत नाही.

१९ मार्च, बुधवार

सकाळी उठले आणि पहिला विचार, माझा तिसरा वाटा घरात नक्की कुठे आहे? वकीलबाईला फोन करून विचारलं. म्हणाली, "तसा वेगळा काढलेला नाही आजी. सगळ्यात मिळून तिसरा. प्रत्येक विटेत."

प्रत्येक विटेत. मी दिवसभर भिंतींना हात लावत हिंडले. जिन्याची पाचवी पायरी वाजते, तिच्यातसुद्धा. नळ गळतो, त्या गळण्यातसुद्धा. घड्याळवाल्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग गळतीचा खर्चही तिसरा तुमचाच." मत्सर, दुसरं काय.

हसूच येतं सारखं. नवरा जाऊन वर्षसुद्धा झालं नाही आणि ही बाई भिंतीला हात लावून हसते, लोक काय म्हणतील. पण यांना सांगितलं असतं तर हेही हसले असते. म्हणाले असते, घ्या, आता हिच्या परवानगीशिवाय मला खिळासुद्धा ठोकता यायचा नाही.

मला जायचं नाही. हे आजच लिहिते, कारण आजच कळलं. ठमीच्या पलंगाशेजारी झोपायला मला आवडेल, पण पाहुणी म्हणून. सहा महिन्यांची पिशवी होऊन नाही.

२३ मार्च, रविवार

बोलले.

जेवण होईपर्यंत धीर धरला, उपाशी माणसाला काही सांगू नये. लेकीचा फोन मिठाच्या बरणीला टेकवला. मग म्हटलं, "मी वाटणी चुकीची केली. दोन नाहीत, तीन वाटे आहेत. तिसरा माझा. मी तो सोडत नाही आणि घर विकायला माझी सही मिळणार नाही."

साहेबाचा चमचा ताटात पडला. "हे तुला कुणी शिकवलं?"

"वकीलबाईकडे खुर्च्या मढवायला गेले होते, तिथे समजलं."

"कुठल्या खुर्च्या?"

सूनबाई पाणी आणायला उठली.

साहेब म्हणाला, "म्हणजे मी तुला घराबाहेर काढत होतो? असं वाटतं तुला?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"मग वकील कशाला लागला? मला विचारायचंस ना."

"अरे, मलाच माहीत नव्हतं तर विचारू काय?"

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "तुला माहीत आहे, फोन दोनदा वाजून तू उचलला नाहीस तर माझं काय होतं? तू त्या जिन्यावर पडलेली दिसतेस मला. मीटिंगमध्ये बसलेला असतो आणि जिना दिसतो." आवाज चढला होता, पण शेवटी फाटला. लहानपणी पडून गुडघा फुटला की आधी दुसऱ्यावर ओरडायचा आणि मग रडायचा, तसा.

"आणि मोठं घर घ्यायचं आहे तेही खरं," तो म्हणाला. "नाही कशाला म्हणू. दोन्ही खरं आहे."

खरं बोलला. माझाच मुलगा.

तेवढ्यात बरणीजवळून लेकीचा आवाज आला, "आई, मला वाटलं तुलाच विकायचंय. तूच एवढी हसत होतीस." आणि ती रडायला लागली. मग ठमी फोनला म्हणाली, "आत्या, रडू नको, मीठ ओलं होईल."

साहेब हसला नाही. काही न खाता-पिता गेला. म्हणजे जेवला होता, पण शेवटचं गोड राहिलं. सूनबाई जाताना माझा हात दाबून गेली. पाणी तिने शेवटपर्यंत आणलंच नाही, विसरली.

३० मार्च, रविवार

कुणी आलं नाही. साहेबाने फोन केला, तब्येत विचारली, जेवलीस का विचारलं, आणि ठेवला. बँकेतून फोन येतो तसा.

टेबल मोठं आहे हे आज कळलं.

हक्क हक्क म्हणून भिंतींना हात लावत फिरत होते. भिंतीला काय, तिला कुणाचाही हात चालतो. रविवारी जेवायला भिंत येत नाही.

२ एप्रिल, बुधवार

तीन रात्री विचार केला आणि ठरवलं, सही करून टाकायची. मुलगा हवा की विटा? सूनबाईला फोन लावला. म्हटलं, तो नवा कागद घेऊन ये, सही करते.

तिने आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाली, "कागद कुठेतरी ठेवलाय आई, सापडत नाहीये."

"परत?"

"परत."

"अगं, गोळ्या घेतेस ना?"

"घेते आई."

"मग साहेबाला सांग, दुसरा करून आण."

"आई," ती म्हणाली, "मुलगा आणि घर यातलं एकच मिळेल असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हटलं, कुणी सांगितलं नाही, मलाच वाटलं. ती म्हणाली, "वाटणीसारखंच झालं की मग." आणि तास आहे म्हणून फोन ठेवला.

मग खाली जाऊन वकीलबाईची दुसरी खुर्ची घेतली. डावीकडून निम्मी केली, उठून पलीकडे गेले, उजवीकडून निम्मी केली. मधे मीच मला भेटले. कापडाला एक सुरकुती नाही.

८ एप्रिल, मंगळवार

खिळे ठोकताना डोकं मोकळं असतं. त्यात हे सुचलं.

साहेबाला जिन्याची भीती. मग मी जिना चढायचाच कशाला? दुकान लांबलचक आहे. रस्त्याकडचा भाग मोठा, मागे अंगणाकडे कामाची खोली, तिला लागून न्हाणी. मशीन तिथेच आहे. माझा पलंग तिथे मावतो. मी मोजला, पलंग आणि मशीन यांच्यामधून कोचसुद्धा जातो, आडवा धरला तर.

औषधवाल्याला हवा रस्त्याकडचा भाग. तो त्याला भाड्याने द्यायचा. वरचा मजलाही कुणा कुटुंबाला भाड्याने. भाडं तिघांत सारखं. विकायचं काही नाही, जायचं कुणी नाही, आणि साहेबाला नव्या घरासाठी दर महिन्याला हातभार.

औषधवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, मला विकत हवं होतं."

मी म्हटलं, "मला विकायचं नाही. म्हणजे आपल्या दोघांपैकी एकालाच हवं ते मिळणार."

"भाड्याच्या जागेला मी रंग कशाला देऊ?"

"रंग मी देते. आणि तुझ्या दुकानात म्हाताऱ्या माणसांना गोळीची वाट बघत उभं राहावं लागतं, त्यांना बसायला मी बाक मढवून देते. मऊ. बसलेलं माणूस जास्त औषधं घेतं."

तो विचारात पडला. शेवटी म्हणाला, "तुम्ही आधी गल्ल्यावर का बसत नव्हता? काका तर मागितलं तसं देऊन टाकायचे."

खरंच की. हे कधी घासाघीस करायचे नाहीत. आणि मी, माझ्या तोंडात खिळे.

साहेबाला मी फोन केला नाही. सूनबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी सांगते त्यांना. विसरणार नाही."

१५ एप्रिल, मंगळवार

आज सरकारी कचेरीत गेले, मिळकतीवर नावं लावायला. सूनबाई रजा काढून बरोबर आली. साहेब आला नाही, पण त्याने आणि लेकीने आपापल्या सह्या करून पाठवल्या होत्या. त्याची सही इतकी दाबून केलेली की कागदाच्या मागून बोटाला लागते.

आणि सूनबाई! एक कागद विसरली नाही. यांचा दाखला, लग्नाचा दाखला, माझे फोटो, सगळं एका फाइलमध्ये ओळीने लावलेलं. माझे ते हरवलेले दोन फोटोसुद्धा सापडले म्हणे. गोळ्या लागू पडल्या. औषधवाल्याला सांगायला हवं.

खिडकीतला माणूस कंटाळलेला होता. मान वर न करता म्हणाला, "अंगठा की सही?"

"सही."

"मयताशी नातं?"

मी म्हटलं, "बायको." मग राहवलं नाही. "अर्धा कोच ते करायचे, अर्धा मी."

त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि बायको एवढंच लिहिलं. बरोबरच आहे, रकाना लहान होता.

तीन नावं एकाखाली एक. माझं वरती. मी म्हटलं, मुलांची आधी घाला, तर तो म्हणाला, "असंच असतं आजी, आधी बायको." सूनबाईने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. बघा, तिला विनोद कळायला लागलेत.

परतताना तिला विचारलं, साहेब अजून रागावलाय का? म्हणाली, "रागावलेले नाहीत आई. लाजलेत. त्याला जरा जास्त दिवस लागतात."

२० एप्रिल, रविवार

मागच्या खोलीत पलंग लागला. समोर खिडकी, खिडकीत अंगण. सकाळी उठले की मशीन हाताला लागतं. काल एक हॉटेलवाला सहा खुर्च्या टाकून गेला, वकीलबाईने पाठवलं त्याला. म्हणाला, "बसलेलं माणूस उठत नाही अशा करून द्या." मी म्हटलं, तुला परवडेल का?

टेबल खाली आणलं. चौघांचं जेवण केलं. कुणाला बोलावलं नव्हतं, उरलं तर उद्या मलाच.

दुपारी बेल वाजली. आमच्या दाराला बेल आहे, पण ती परक्या माणसांसाठी. घरचं माणूस दार ढकलून, हाका मारत आत येतं. मला वाटलं, हॉटेलवाला.

उघडलं तर साहेब. इस्त्रीचा शर्ट, हातात खोकं, दाराबाहेर दोन पावलं मागे उभा. सूनबाई आणि ठमी त्याच्याही मागे. ठमी कुजबुजली, "बाबांनी आम्हाला आत पळू दिलं नाही."

मी म्हटलं, "बेल का वाजवलीस?"

तो म्हणाला, "तुझं घर आहे. विचारून यायला हवं." टोमणा होता. पण निम्माच. उरलेल्या निम्म्यात त्याला खरंच कळत नव्हतं, आता कसं यायचं.

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, नाही रे राजा, तुझंच आहे सगळं. ते ओठावर आलंही होतं.

मी म्हटलं, "हो, माझं घर आहे. म्हणून इथे बेल कुणी वाजवायची ते मी ठरवणार. तू वाजवायची नाही. पाय पूस आणि आत ये, जेवण गार होतंय."

तो तसाच उभा राहिला. खोक्यात नळ होता, नवा, पितळी. मग त्याने खाली पाहिलं आणि पाय पुसले. आधी उजवा, मग डावा, नीट, लहानपणी शिकवलं होतं तसे.